पाऊस मोजणाऱ्यांची हिवाळी आचारसंहिता

पावसाळ्यात लोणावळ्याचा पाऊस मोजायला अक्कल लागत नाही, मोठे भांडे लागते. हवामान खात्याच्या नेहमीच्या पर्जन्यमापकाचे तोंड 200 चौरस सेंटिमीटरचे असते. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की आत 20 मिलिलिटर पाणी जमते, आणि चार लिटरची बाटली 200 मिलिमीटरला काठोकाठ भरते. जुलैत ती एका रात्रीत भरून वाहू शकते. वाहून गेलेल्या पाण्याचा आकडा मग सकाळी चहाच्या टपरीवर ठरतो, आणि तो ज्याचा आवाज मोठा त्याचा असतो. खंडाळ्याचा गडी वलवणच्या गड्यापेक्षा दहा मिलिमीटर जास्तच सांगणार. वलवणचा गडी टाटांच्या धरणावरचा आकडा पुढे करणार. कुरवंड्याचा तोवर गप्प बसणार, कारण इंद्रायणी आपल्याच गावात उगम पावते, आता मिलिमीटर कसले मोजायचे, असे त्याचे मत. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या गावात पाच-पन्नासाची घासाघीस कोणी मनावर घेत नाही.

हिवाळ्यात तसे चालत नाही. डिसेंबरात पडलेल्या पावसाला दशांश चिन्ह असते, आणि दशांश चिन्ह आले की शास्त्र आले. म्हणून ज्यांना या छंदात नाव कमवायचे आहे त्यांनी पावसाळा सोडून द्यावा आणि दिवाळीनंतर कामाला लागावे. स्पर्धा कमी असते, चिखल बेताचा असतो, आणि आकाशात ढग आला की मावळात तुमच्याइतका महत्त्वाचा माणूस दुसरा कोणी नसतो.

पहिली गोष्ट साधनाची. पर्जन्यमापक विकत घेता आला तर उत्तम. नाहीतर सरळ उभ्या भिंतींचे, तळ सपाट असलेले कोणतेही भांडे चालते. त्यात पाणी जितके मिलिमीटर उंच उभे राहील तितका पाऊस. बारीक कंबरेची शीतपेयाची बाटली कापून ठेवू नये, ती कंबरेपाशी खोटे बोलते. भांड्यावर नरसाळे ठेवणार असाल तर भूमिती आवरून घ्यावी: तोंड 16 सेंटिमीटर व्यासाचे असेल तर क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते आणि वरचा हिशेब लागू पडतो. घरातल्या मोदकपात्राचा खालचा भाग याला अगदी योग्य असतो, पण तो एकदा अंगणात गेला की संकष्टीला परत मागितला जातो, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस येतो.

दुसरी गोष्ट जागेची. नियम असा की मापकाची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच असावी, आणि आजूबाजूचे झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर मापक असावा. हा नियम इंग्लंडमध्ये ठीक आहे. लोणावळ्याच्या बंगल्याच्या आवारात दहा मीटर उंच जांभळापासून वीस मीटर मोजत गेलात तर तुम्ही शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावात उभे असता. तेव्हा जागा निवडताना आदर्शाचा हट्ट सोडावा, पण तीन गोष्टींपासून लांब राहावे. एक, झाडाची पागोळी: पाऊस थांबून तास झाला तरी ती गळत राहते आणि तुमच्या आकड्यात भर घालते. दोन, भाड्याने दिलेल्या बंगल्यांचे हिरवळीवर फिरणारे फवारे. अशा फवाऱ्याच्या टप्प्यात ठेवलेल्या मापकात निरभ्र रात्री, पौर्णिमेच्या चांदण्यात, नियमाने सहा मिलिमीटर पाऊस पडतो. तीन, माकडे. खंडाळ्याची माकडे नवीन वस्तूची तपासणी केल्याशिवाय राहत नाहीत. ती मापक उपडा करून आत काही खायला आहे का पाहतात, आणि नसेल तर निषेध म्हणून तसाच टाकून जातात. त्या दिवशी वहीत 'शून्य' लिहू नये. 'नोंद नाही' असे लिहावे. शून्य आणि नोंद नाही यांत फार मोठा फरक आहे, आणि तो न कळणारी माणसे बरीच मोठ्या हुद्द्यांवर असतात.

शून्याचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण हिवाळी निरीक्षकाचे निम्म्याहून जास्त आयुष्य शून्ये लिहिण्यात जाते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स या गावात जुलै 1997 मध्ये पूर आला. गावाच्या एका भागात प्रचंड पाऊस आणि दुसऱ्या भागात बेताचा, असा तो प्रकार होता. त्यातून 1998 मध्ये घरोघरच्या हौशी मापकांचे जाळे उभे राहिले, आणि त्यांनी सुरुवातीपासून लोकांच्या मागे लागून शून्येही गोळा केली. पाऊस कुठे पडला नाही हे कळल्याशिवाय तो कुठे पडला हे नीट कळत नाही. आपल्याला हे शिकायला कोलोरॅडोला जायची गरज नव्हती. 26 जुलै 2005 ला मुंबईतल्या मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 73. तरीही मावळात कोणी सलग शून्ये लिहायला लागला की घरचे लोक त्याच्याकडे काळजीने पाहतात.

पहाटेचे दव म्हणजे पाऊस नव्हे. थंडीत मापकाच्या कडेला आणि नरसाळ्याला दहिवर धरते, त्याचे थेंब खाली उतरतात, आणि सकाळी भांड्यात 0.1 किंवा 0.2 दिसते. नवशिका निरीक्षक हुरळून जातो. त्याने आधी रस्त्यावर जाऊन डांबर ओले आहे का पाहावे, मग शेजारी विचारावे, आणि तरी शंका राहिलीच तर वहीत 'दव' लिहून मोकळे व्हावे. हवामान खाते 2.5 मिलिमीटरच्या खाली पाऊस पडला तर तो दिवस पावसाचा धरत नाही. त्यामुळे तुमच्या 0.2 चा पुढे कोणी हिशेब करणार नाही याची खात्री बाळगून तो प्रामाणिकपणे लिहावा. प्रामाणिकपणाला याहून सुरक्षित जागा नाही.

वेळ सकाळी साडेआठची. पावसाचा दिवस आदल्या दिवशीच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत धरतात, आणि तो आजच्या तारखेला लिहितात. इथूनच संसारातली भांडणे सुरू होतात. 1 डिसेंबर 2021 ला दिवसरात्र कोसळलेला पाऊस बराचसा 2 तारखेच्या रकान्यात गेला. मग 'दोन तारखेला पडला' म्हणणारा आणि 'एक तारखेला लग्नाला गेलो तेव्हा आपण भिजलो' म्हणणारी, दोघेही बरोबर ठरतात. अशा वेळी शास्त्राची बाजू घेऊ नये.

त्या डिसेंबराची आठवण मावळात आणि एकूण पुणे जिल्ह्यात अजून ताजी आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, उत्तरेकडून आलेला पश्चिमी झंझावात, आणि दोघांच्या मधे आपण. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीला धडकतो आणि घाटमाथ्यावर सगळा माल उतरवून पुढे रिकाम्या हाताने जातो. म्हणून लोणावळ्याला चार हजार आणि पुण्याला सातशेच्या आसपास. हिवाळी पाऊस या ठरल्या वाटेने येतोच असे नाही. तो समुद्रावरून तिरपा येतो, कधी पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतो, आणि तळेगावला लोणावळ्यापेक्षा जास्त देऊन जाऊ शकतो. लोणावळेकरांनी हा अपमान समजू नये. उलट याचसाठी कामशेत, कान्हे, वडगाव, पवन मावळ, अंदर मावळ, सगळीकडे एकेक भांडे हवे.

पंचांगाचा इथे उपयोग नाही, हे आधीच सांगतो. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला पंचांग वाहन देते: बेडूक, म्हैस, गाढव, मोर, हत्ती. त्या वाहनावरून गावात आठवडाभर चर्चा चालते. डिसेंबराच्या सुरुवातीला सूर्य अनुराधा सोडून ज्येष्ठा नक्षत्रात जातो, आणि तिथे वाहन नाही. हा पाऊस पायी येतो, त्यामुळे कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही. कौटिल्यालाही फारशी मदत होणार नाही. अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजायचे कुंड ठेवायला सांगितले आहे, अवंतीला तेवीस द्रोण असे प्रांतवार मापही दिले आहे. पण अपरांताशी, म्हणजे आपल्या कोकणाशी, आल्यावर त्याने 'अमित' लिहून हात झटकले. बोरघाटाच्या तोंडाशी राहणाऱ्यांनी हे वाचून छाती फुगवावी आणि कामाला लागावे.

आता मुख्य भाग: आकडा कोणाला सांगायचा. पावसाळ्यात सगळ्यांना मोठा आकडा हवा असतो. हिवाळ्यात प्रत्येकाला वेगळा हवा असतो, आणि निरीक्षकाची कसोटी इथे लागते. 31 डिसेंबरचे बुकिंग घेतलेला बंगलेवाला फोन करेल. त्याला 'शिडकावा' ऐकायचे असते. पाहुण्यांना सांगायला तो 'रोमँटिक वातावरण' हा शब्द आधीच तयार ठेवून असतो. पॉलीहाऊसमध्ये गुलाब लावणारा फेब्रुवारीच्या 14 तारखेवर डोळा ठेवून असतो. त्याला पावसापेक्षा ढगाची भीती, कारण दमट हवेत डावणी पडते. तो मिलिमीटर विचारतच नाही, 'ऊन कधी पडणार' एवढेच विचारतो. आणि शेतकऱ्याला हवा असतो 65.

या 65 ची गोष्ट अशी. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती सरकारदरबारी अतिवृष्टी, मग पंचनामा, मग पुढचे सगळे. मंडळाचा आकडा मंडळाच्या केंद्रावरचा, आणि एका मंडळात कितीतरी गावे. जुलैत लोणावळ्यात 65 हा नाश्त्यापर्यंतचा आकडा. पण इंद्रायणी भात कापून खाचरात पसरलेले असेल तर 15 मिलिमीटरही पुरतो. दाण्याला तिथल्या तिथे कोंब फुटतो, पेंढा काळा पडतो, गुरेही मग तोंड लावत नाहीत. हरभरा फुलात असेल तर पानांवरची आंब धुऊन जाते. अशा दिवशी शेजारचा शेतकरी तुमच्या अंगणात येतो, भांड्याकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, ''मास्तर, नीट बघा की. साठ तरी असंल.'' भांड्यात 18.4 असते. त्याला चहा द्यावा, आकडा 18.4 च लिहावा, आणि शेरा या रकान्यात 'कापलेले भात भिजले, कोंब' असे तारखेनिशी लिहावे. वहीत शेऱ्याचा रकाना रुंद ठेवावा. छापील तक्त्यात तो सगळ्यात अरुंद असतो, आणि चूक तिथेच आहे.

माझा स्वतःचा हिवाळी मापक दुसराच आहे. दिवाळीनंतर मावळात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो, आणि साच्यातून काढलेल्या कच्च्या विटा मोकळ्या रानात रांगेने वाळत पडलेल्या असतात. पहिले टपोरे थेंब आले की विटेच्या वरच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. पाऊस टिकला की कडा गोल होतात, अंगठ्याने दाबल्यासारख्या. मग कोपरा सुटतो. आणखी वेळ गेला की वीट कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ते दाखवता येत नाही. ताडपत्री ओढायला धावणारी कातकरी बायका-माणसे कोणत्या टप्प्याला थांबतात यावरून पावसाचा अंदाज मिलिमीटरपेक्षा चांगला येतो. विटा हजारावर मोजतात, विरघळलेली वीट त्या मोजणीत येत नाही.

2021 च्या त्याच पावसात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या-शेळ्या थंडीने गेल्या. मेंढीला मिलिमीटर कळत नाही, ओली लोकर आणि रात्रीचा वारा कळतो. म्हणून हिवाळी नोंदीत किमान तापमान आणि वारा यांचे रकाने जोडावेत, आणि पाऊस किती पडला याबरोबर किती तास पडला तेही लिहावे. 20 मिलिमीटर अर्ध्या तासात पडून गेला तर माणसे हसत घरी येतात. तोच 20 अठरा तास रिमझिमत राहिला तर काय होते ते धनगराला विचारावे.

वही कोणाला दाखवावी? सायमन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1860 मध्ये 168 निरीक्षकांपासून सुरुवात केली. 1900 मध्ये तो वारला तेव्हा तीन हजारांवर लोक त्याला पावसाचे आकडे पाठवत होते. त्यांत पाद्री पुष्कळ, म्हणजे ज्यांना सकाळी वेळ असतो असे लोक. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले आणि पोस्टातले अशी मंडळी आहेत, त्यांनी पुढे यावे. सायमन्सचा मापक अजून आपल्या तहसिलीच्या आवारांत उभा आहे, सायमन्ससारखा माणूस तेवढा हवा आहे. वेधशाळा 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आली, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. लोणावळ्याहून लोकल थेट शिवाजीनगरला जाते. तेव्हा अंतराची सबब सांगू नये.

शेवटचा इशारा. पाऊस मोजतो म्हटले की लोक पाऊस सांगायलाही सांगतात. तुळशीचे लग्न झाले की मावळातली लॉन्स भरू लागतात, आणि वरपिता रात्री दहाला फोन करून विचारतो, ''काका, रविवारी येईल का हो?'' मोजणाऱ्याने अंदाज सांगू नये, पडून गेलेल्या पावसाबद्दलच बोलावे. फारच आग्रह झाला तर मांडवाला ताडपत्रीचे किती मागतात ते विचारावे, आणि आकडा ऐकून 'घालून टाका' म्हणावे.