चौदा शब्द, चौसष्ट टक्के

दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपवण्याला पुस्तकी मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात. वसतिगृहात नुसते ‘उचललं’ म्हटले तरी भागते. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत या उद्योगाला जागा मिळालेली नाही, पण ते दोन्ही आकडे त्याच्या कामाचे आहेत. चौदा शब्दांपर्यंत सवलत मिळते आणि चौसष्ट टक्क्यांना नोंदणी रद्द होते. या दोहोंच्या मधला प्रदेश अभ्यासण्याजोगा आहे.

या उद्योगाचे सूत्रग्रंथ दिल्लीत, बहादूरशाह जफर मार्गावर रचले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रामाणिकपणाला टक्केवारी लावून दिली. प्रबंधातला १० टक्क्यांपर्यंतचा मजकूर इतरांशी जुळला तर शिक्षा नाही. याला शून्य स्तर म्हणतात. शून्य स्तर म्हणजे शून्य उचलेगिरी, असा समज नवशिक्याने करून घेऊ नये. दोनशे पानांच्या प्रबंधात हा स्तर वीस पाने भरतो. १० च्या वर आणि ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० च्या वर ६० पर्यंत गेल्यास सुधारित प्रबंध देण्यालाही वर्षभर बंदी. ६० ओलांडले की नोंदणीच जाते. आपल्या डब्यात दहा टक्के प्रवासी विनातिकीट असले तरी चालतील असे तिकीट तपासनिसाने आधीच जाहीर करावे, तशी ही सोय आहे. मग गाडीत बसणारा प्रत्येक जण स्वतःला त्या दहांतच मोजतो.

चौदा शब्दांचे कलम त्याहून नाजूक आहे. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे लेखन हिशेबात धरू नये, असे विनियम सांगतात. त्यातले ‘सर्वज्ञात’ आणि ‘योगायोगाने’ हे शब्द वाचताना गळतात आणि साधकाच्या मनात चौदा तेवढे उरतात. मग तो चौदा शब्द उचलतो, पंधरावा स्वतःचा घालतो आणि पुन्हा चौदा उचलतो. पंधरावा शब्द बहुधा ‘तथापि’ असतो. मात्र सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य मुळीच नसावे असेही तिथेच लिहिले आहे. त्यामुळे हात चालवायला पूर्वीच्या संशोधनाचा आढावा हे प्रकरण उरते. परंपरेनेही तेच पसंत केले आहे, कारण ते परीक्षक चाळतात, वाचत नाहीत.

पदवीच्या विद्यार्थ्याला एवढा गणिती ताण नाही. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका या विनियमांतून वगळल्या आहेत. तिथे महाविद्यालयाचे नियम आणि प्राध्यापकाची नजर, एवढेच कुंपण.

झेरॉक्सबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण तिथे घोळ होतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणे झेरॉक्स करून त्यांचे गठ्ठे विकले जात होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. सारांश असा की तेच प्रकरण यंत्राने छापून वाचणे कायदेशीर आहे. हाताने उतरवून खाली स्वतःचे नाव घालणे नाही. यंत्र खाली सही करत नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता प्रत्यक्ष कारागिरी. जुळणारा मजकूर शोधणारे सॉफ्टवेअर विद्यापीठांना २०१९ पासून ‘शोधशुद्धि’ योजनेतून मिळते. त्याला चकवण्याची लोकप्रिय रीत म्हणजे प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा पर्याय बसवणे. हे काम दुसऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवतात आणि तिथेच फसतात. फ्रेंच संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा शब्दप्रयोगांचा संग्रहच केला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेचे ‘बनावट जाणीव’ झाले होते आणि ‘स्तनांचा कर्करोग’ या संज्ञेचे ‘उरावरचे संकट’. टक्केवारी खाली आली आणि अर्थही. पर्यायी शब्द शोधणाऱ्याने निदान विषय कोणता हे जाणून घ्यावे. पण ते जाणायचे तर मूळ लेख वाचावा लागतो, आणि वाचायचेच असते तर हा मार्ग धरला कोणी असता?

परीक्षागृहातली शाखा वेगळी. करोनाकाळात, ऑगस्ट २०२० मध्ये, दिल्ली विद्यापीठाने पुस्तक उघडून परीक्षा घेतली. दोन तास लिहायला आणि एक तास उत्तरे स्कॅन करून चढवायला. चिठ्ठीची पिढीजात कला त्या पावसाळ्यात निरर्थक झाली. तिची जागा व्हॉट्सॲपने घेतली, पण तिथे सावधपणा राहिला नाही. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याजवळ मोबाइल सापडला. त्यातल्या गटावर प्रश्न आणि उत्तरे फिरत होती, आणि गटाचे नाव होते ‘ॲन्स’. गुप्त मंडळाने दारावर पाटी लावावी तसे. दुसऱ्या सत्राच्या सगळ्या परीक्षा रद्द झाल्या, तिसऱ्या सत्राची नोंदणीही गेली. गटातला एक जण उच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२४ मध्ये रिकाम्या हाताने परतला. गटाला ‘मावशीचा वाढदिवस’ असे नाव दिले असते तरी मोबाइल सापडला असताच, हेही नोंदवायला हवे.

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्याला कायद्याची भीती सवयीची असते, कारण तिकडे विद्यापीठाच्या परीक्षांतील गैरप्रकारांवर १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. केंद्राचा नवा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. त्यात तीन ते पाच वर्षांचा कारावास आणि दहा लाखांपर्यंतचा दंड आहे, पण तो लोकसेवा आयोग, एसएससी, रेल्वे भरती, एनटीए अशांच्या परीक्षांपुरता आणि पेपर फोडणाऱ्यांसाठी. सत्रपरीक्षेत बाजूच्याचे पाहणारा त्यात बसत नाही.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. सोनीपतच्या जिंदल विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे २०२४ मधले उत्तर ८८ टक्के यंत्रलिखित ठरले आणि तो नापास झाला. त्याने पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेऊन कॉपीराइट कायदाच पुढे केला: यंत्र हे साधन, कर्ता माणूसच. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे न्यायालयाला सांगितले आणि प्रकरण मिटले. मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. परीक्षेपेक्षा याचिका चांगली लिहिली तरी उत्तीर्ण होता येते, अशी नोंद मात्र या शास्त्रात झाली.

मार्गदर्शकांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांना वेगळे माप आहे. शोधनिबंधात ६० टक्क्यांवर साम्य सापडलेल्या अध्यापकाने निबंध मागे घ्यायचा, दोन वार्षिक वेतनवाढी गमवायच्या आणि तीन वर्षे नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. विद्यार्थ्याची त्याच टक्क्यांना नोंदणी जाते. नवा विद्यार्थी न मिळणे ही शिक्षा मानली आहे; काही विभागांत ती रजा समजली जाईल.

चौकशी दोन पायऱ्यांची असते: आधी विभागाची समिती, मग संस्थेची, प्रत्येकीला ४५ दिवस. विभागाच्या समितीचे अध्यक्षपद विभागप्रमुखाकडे असते. त्याच्यावरच तक्रार आली तर ती थेट वरच्या समितीकडे जाते.

हे सगळे पार पडून पदवी मिळाली की प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात चढवतात. गंगेत घोडं न्हालं असे वाटण्याचा हाच क्षण. पण या गंगेत न्हालेले घोडे पुढे कायम काठावर उभे राहते आणि जगातला कोणीही येऊन त्याचे दात मोजू शकतो. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली, तर समिती सांगेल तितका काळ ती पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. त्या काळात नावामागचे ‘डॉ.’ दारावरच्या पाटीवर ठेवायचे की झाकायचे, याबद्दल विनियमांत काही नाही.