साडूंची बेलापूर मोहीम

आमचे साडू साताऱ्याचे. सकाळी डोळे उघडले की समोर अजिंक्यतारा, सुटी मिळाली की प्रतापगड. असा माणूस ऐन आषाढात नेरुळच्या फ्लॅटवर मुक्कामाला आला आणि पाऊस काही हटेना. बाल्कनीतले ओले टॉवेल बघून कंटाळल्यावर त्यांनी विचारलं, "इकडं गडबिड काय हाय का न्हाई?"

मी छाती पुढे काढून बेलापूरच्या किल्ल्याचं नाव घेतलं.

"चढ किती?"

"छत्री न मिटता चढता येतो."

साडूंनी छत्रीच नाकारली. गडावर छत्री नेणं त्यांच्या लेखी लंगडीत दोन्ही पाय टेकवण्यासारखं. पोंचो, काठी, विजेरी, दोरखंड, गूळ-शेंगदाणे असा जामानिमा झाला. बायकोने विचारलं, "जेवायला आहात ना?" साडू गंभीरपणे म्हणाले, "सांगता येत न्हाई."

रिक्षावाल्याला 'किल्ला' सांगितल्यावर त्याने आम्हाला किल्ले जंक्शनला उतरवलं. समोर धो धो पावसात पांढरीशुभ्र, घुमटाची, अवाढव्य वास्तू आणि आभाळात घुसलेला ध्वजस्तंभ. साडूंनी हात जोडले. "काय राखलाय हो!"

"ते महापालिकेचं मुख्यालय."

"मग किल्ला?"

मी पलीकडच्या झाडोऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे टेकडी आहे हे झाडांवरूनच ओळखायचं.

साडूंनी श्वासाचा व्यायाम केला, बुटांच्या नाड्या आवळल्या, 'जय भवानी' म्हटलं आणि आम्ही पोचलो. ते अजून चढाच्या शोधात होते. पुढे शेवाळलेला एक बुरूज, थोडी पडकी भिंत, त्यात मुळं रोवून बसलेली झाडं आणि खाली धुक्यात पनवेलची खाडी. पाऊस आडवा येत होता. पोंचोचा शिडासारखा फुगा होऊन साडू खाडीच्या दिशेने निघाले, तेव्हा दोरखंडाचा एकदाचा उपयोग झाला.

बुरुजाच्या आडोशाला मी इतिहास सांगितला. सिद्दीने 1560 ते 1570 च्या सुमारास बांधला, 1682 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, 1733 मध्ये चिमाजी अप्पांनी. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा अप्पांनी नवस केला, तेव्हापासून हे बेलापूर, असं सांगतात. (सिडको तेव्हा असती तर नवसालाही सेक्टर नंबर पडला असता.) तेव्हा इथे पाच बुरूज, 14 तोफा आणि 180 माणसांच्या चार तुकड्या होत्या म्हणे. साडूंनी आजूबाजूला पाहिलं. "सातशे वीस? आपण दोघं उभं ऱ्हायलो तर तिसऱ्याला चिखलात जावं लागतंय!"

"1817 मध्ये कॅप्टन चार्ल्स ग्रेने घेतला. मग इंग्रजांनी पाडापाड केली."

"अप्पांनी सहा वर्षांनी वसई घेतली, तिथं निदान बघायला तरी काय उरलंय," साडू म्हणाले. वसईचं साल त्यांना पाठ होतं. आपली पडझड दाखवणाऱ्या यजमानाला हे फार लागतं. मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. इथून घारापुरीपर्यंत भुयार आहे, अशी दंतकथा सांगितली.

साडूंची विजेरी पेटली. पुढचा अर्धा तास ते प्रत्येक भोकात डोकावत होते. एका भोकातून खेकडा निघाला, एकातून बेडूक, एकातून नुसतं पाणी. "भुयार असंलच," ते म्हणाले, "पण खाडीखालनं जायाचं आणि वरनं हा असला पाऊस. तुमच्याकडं रेल्वेच्या रुळावर पाणी चढतं, तिथं भुयाराची काय कथा!"

खाली उतरल्यावर (हेही नाडी सुटायच्या आत झालं) वडापाव खाताना त्यांना वेगळाच घोर लागला. वहीत नोंद करायची तर कुठल्या रकान्यात? गिरीदुर्ग म्हणावा तर गिरी नाही. वनदुर्ग म्हणावा तर पलीकडे महापालिका. भुईकोट म्हणायला टेकडी आड येते. बुटातलं पाणी ओतता ओतता त्यांनी साताऱ्याच्या मित्राला फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "व्हय, आज एक केला. जलदुर्ग!"