पिशवीत मावेल ते शेवटी

ड्राफ्ट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बँकेची खिडकी येते. परीक्षेच्या अर्जाला जोडायचा डिमांड ड्राफ्ट, त्याच्यामागे पेन्सिलीने लिहायचं नाव, आणि ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी ठेवून उठून गेलेला कारकून. त्यामुळे अमेरिकेत हाच शब्द खेळाचा आहे आणि लोक त्याची वर्षभर वाट पाहतात, हे पटायला जरा वेळ लागतो. तिथला ड्राफ्ट म्हणजे निवड. दहा-बारा मित्र जमतात आणि खऱ्या बेसबॉलपटूंची नावं पाळीपाळीने किंवा बोली लावून आपापल्या कागदी संघात घेतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण कागदावरच्या मालकाला. मालकाचं काम घरी बसून चरफडण्याचं. या खेळाला आजचं रूप आलं १९८० साली, न्यूयॉर्कमध्ये. डॅनियल ओक्रेंट हा लेखक-संपादक आणि त्याचे मित्र ज्या हॉटेलात जेवायला जमत त्याचं नाव ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’, म्हणून त्यांच्या लीगचं नाव पडलं रोटिसरी. रोटिसरी म्हणजे मांस भाजून देणारं दुकान. ज्या खेळाचं बारसंच भटारखान्यात झालं, तो सातारा-सांगलीच्या खानावळींत आणला तर ती ओढाताण नव्हे, माहेरपण आहे. आणि हा खेळ ज्याने काढला त्या ओक्रेंटला स्वतःची लीग कधीच जिंकता आली नाही, हे कळल्यावर तर तो आपल्यातलाच वाटायला लागतो.

सातारा ते सांगली हे अंतर रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर. गाडीला अडीच तास पुरतात, पोटाला पुरत नाहीत. या पट्ट्यात खाण्यासारख्या वस्तू वीसेक निघतील, आणि पोटात जागा किती? एक न्याहारी, दोन जेवणं आणि चार वाजताचं ‘काहीतरी’. लिलावात संघमालकाला जशी ठरावीक रकमेची पर्स असते तशी आपल्याला ही पिशवी जन्मतः मिळालेली आहे, आणि वय वाढतं तशी तिची मर्यादा डॉक्टर आणखी खाली आणतात. म्हणजे निवड करायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती शहाणपणाने करायची की वेंधळेपणाने, एवढंच आपल्या हातात. आणि बहुतेक प्रवासी ती वेंधळेपणाने करतात, कारण ते सगळ्यात प्रसिद्ध वस्तू सगळ्यात आधी खातात. माझं म्हणणं असं की प्रसिद्ध वस्तू शेवटी घ्यावी आणि दुर्मीळ वस्तू आधी. बेसबॉलच्या मुरलेल्या मालकाला हे पाठ असतं. तिथे फलंदाजामागे उकिडवा बसणारा कॅचर असतो, आपल्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊ. तासन्‌तास उकिडवं बसून गुडघ्यांची वाट लागलेल्या माणसाला वर फलंदाजीही बरी जमावी, हे क्वचित घडतं. सीमेवर उभे राहून चेंडू बडवणारे मात्र चिक्कार. म्हणून जाणता मालक तोडीचा कॅचर वेळेवर उचलतो; बडवणारा काय, तिसऱ्या फेरीतही मिळतो. प्रश्न ‘सर्वांत चांगला कोण’ हा नसतो. ‘आत्ता सोडला तर पुन्हा मिळणार नाही असा कोण’ हा असतो.

आता ही कसोटी कंदी पेढ्याला लावू, आणि सातारकरांनी थोडा वेळ हात आवरावेत. कंदी पेढा थोरच आहे. पण त्याचं थोरपण कशात आहे? खवा तांबूस होईपर्यंत परतायचा, साखरेला फार लाडावून ठेवायचं नाही, आणि ओलावा असा पळवून लावायचा की पेढा प्रवासाला तयार. थोडक्यात, त्याची चव आणि त्याचा टिकाऊपणा एकाच कढईत जन्मतात. जी वस्तू टिकण्यासाठीच घडवली, ती मोती चौकात गाडीचं दार उघडल्या उघडल्या पोटात ढकलणं म्हणजे पाच दिवसांच्या कसोटीसाठी तयार केलेल्या फलंदाजाला पहिल्याच षटकात उचलून मारायला सांगणं. अर्धा पाव पेढे रिकाम्या पोटी खाल्लेला प्रवासी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर नुसता फिरतो, वास घेतो, आणि ‘आता जागा नाही’ म्हणतो. त्याची अर्धी पर्स एका नावावर गेलेली असते, आणि तेही असं नाव की जे चार दिवसांनी डबा उघडला तरी जाग्यावर भेटलं असतं.

कसोटी खरी की खोटी हे तपासायला या दोन जिल्ह्यांइतकी चांगली प्रयोगशाळा नाही, कारण इथे एकाच पिकाचे दोन-दोन अवतार मिळतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत मळ्यावर मिळते ती पहिल्या फेरीची, कारण ती संध्याकाळपर्यंत नरम पडते. तिचाच जॅम शेवटच्या फेरीचा, कारण बाटलीला घाई नसते. कऱ्हाडकडच्या उसाचं तेच. गळिताच्या दिवसांत गुऱ्हाळावर काहिलीतून नुकताच उतरलेला गरम गूळ ही पहिल्या फेरीची निवड, आणि गुळाची ढेप ही शेवटच्या. तासगावचं द्राक्ष वेलीवरून आलेलं असेल तर आधी घ्यावं. बेदाणा म्हणजे पळून न जाण्याचं द्राक्षाने दिलेलं लेखी आश्वासन, तो कधीही घ्यावा. सांगलीच्या बेदाण्याला मानांकन २०१६ चं, कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही त्याच वर्षीचं. घेवडा अंगावर वाघासारखे पट्टे मिरवतो, पण कोरडा असल्यामुळे पिशवीत मांजरासारखा गप्प पडून राहतो. त्याची आमटी कोणी गरम भाकरीबरोबर समोर ठेवली, तर मात्र तो लगेच पहिल्या फेरीत येतो. पीक तेच, माती तीच, फेरी वेगळी. म्हणजे क्रम ठरवते ती कीर्ती नव्हे, घाई ठरवते.

याच न्यायाने या मार्गावरचा खरा कॅचर म्हणजे अख्खा मसूर. महामार्गावर पेठ नाका येतो. सरळ गेलं तर कोल्हापूर, डावीकडे वळलं तर इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, मग आष्टा आणि सांगली. या वळणाच्या आसपासच्या ढाब्यांवर मसुरीला सोललेलं नाही, भरडलेलं नाही, सालासकट कांदा-लसणाच्या मसाल्यात शिजवलेलं असतं, आणि सोबत ताटाबाहेर डोकावणारी रोटी. दिसायला गरीब, नावात ऐट नाही, परगावच्या मिठाईच्या दुकानात त्याची पाटी लागत नाही. डब्यात घालून पुण्याला नेला तर तो अख्खा राहतो, पण मसूर राहत नाही. ज्याचा पर्यायी खेळाडू बाजारात नाही, तो आधी घ्यावा. आगगाडीने जाणाऱ्याचा ड्राफ्ट अर्थातच वेगळा. त्याला किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही स्टेशनं लागतात, आणि भिलवडीला त्याने पुणेकरांच्या वतीने नमस्कार करावा. चितळ्यांचा दूधधंदा १९३९ साली तिथेच सुरू झाला. पुणेकर जी बाकरवडी बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानाने चारतात, तिच्या घराण्याचा सात-बारा असा सांगली जिल्ह्यातला आहे.

सांगलीत शिरल्यावर भडंग समोर येतो, आणि पेढ्याच्या वेळी केलेली चूक तिखटात करायची संधी मिळते. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, तेल. यात बिघडण्यासारखं काही नाही. भडंग हा सांगलीचा कंदी पेढाच, फक्त स्वभावाने उलटा. तोही पिशवीतला. त्याआधी कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी ताटात पडायला हवी, कारण वांगं भाजल्यानंतर कोणासाठी थांबत नाही. टिकवण्याची कला सांगलीला नवी नाही म्हणा. अमेरिकन लीगमध्ये काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतात. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत अशीच राखून ठेवत आले. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं नेली, पण सांगलीच्या हळदीने २०१८ साली मानांकन मिळवलंच. आणि निवडीचं म्हणाल, तर मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या नाटकाने झाली असं मानतात, ते विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच केलं. त्याचं नाव ‘सीता स्वयंवर’. सगळे संघमालक एका सभागृहात, उमेदवार रांगेने, आणि अट एकच पण जड. याहून जुना ड्राफ्ट अमेरिकेने दाखवावा.

इथे कोणी सांगलीकर उठून म्हणेल की प्रसिद्ध ते शेवटी हा नियम असता, तर २०२३ च्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात पहिलंच नाव आमच्या स्मृती मानधनाचं का पुकारलं गेलं? आणि बंगळुरूने १२ कोटींच्या पर्समधले ३ कोटी ४० लाख तिच्यावर का लावले? उत्तर सोपं आहे. तिथे प्रसिद्धी आणि दुर्मीळता एकाच ठिकाणी होत्या. तिच्या तोडीची डावखुरी सलामीवीर दुसऱ्या दुकानात मिळत नव्हती, पेढा मिळतो. तरी पुढे काय झालं तेही पाहावं. त्या वर्षी पाच संघांत बंगळुरू चौथा आला. २०२४ साली तिच्याच नेतृत्वाखाली करंडक मिळाला, पण अंतिम सामन्यात श्रेयांका पाटीलने चार आणि सोफी मोलिनेने तीन बळी घेतले तेव्हा. याहून कडू पुरावा हवा असेल तर सांगलीतच जन्मलेल्या विजय हजाऱ्यांचा आहे. १९४३ च्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ म्हणजे ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या, आणि त्यांचा संघ डावाने हरला. एकट्या पेढ्यावर काढलेला दिवस तसाच असतो: डाव अविस्मरणीय, निकाल डावाचा पराभव, आणि रात्री लिंबू-सोडा.

दुसरा आक्षेप सज्जनांचा आहे: हा जुगार झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, हे खरंच आहे आणि बरंच आहे. पण इथे पणाला लागते ती फक्त चार वाजताची भेळ, आणि ती हरणाराही खातोच. तिसरा आक्षेप रसिकांचा: याद्या केल्या की प्रवासातला योगायोग मरतो. मरत नाही, त्यासाठी जागा राखता येते. फँटसी संघातही एक जागा अशी ठेवतात जिथे कुठल्याही प्रकारचा फलंदाज चालतो. आपणही एक फेरी कोरी ठेवावी: हिवाळ्यात माणदेशाच्या किंवा जतच्या वाटेवर कोणी हुरडा भाजत असेल, तर तिथे खर्च करायला. चौथा आक्षेप घरचा, आणि तोच भारी. आपल्याकडे कोणी कोणाच्या निवडीचा मान ठेवत नाही. ‘मला काही नको’ म्हणणारा माणूस प्रत्येकाच्या ताटातला एक-एक घास घेऊन सर्वांत भरलेला संघ बांधतो. त्यावर ड्राफ्टमध्ये एक तोड आहे. पहिल्या फेरीत जो पहिला, तो दुसऱ्या फेरीत शेवटचा. क्रम सापासारखा वळून परत येतो. पंगतीत शेवटी बसणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच मागितलं आहे की वाढप्याने जिलबी घेऊन एकदा तरी आमच्या टोकाकडून सुरुवात करावी. जे वाढप्याला सुचलं नाही ते अमेरिकेतल्या खेळाडूंना सुचलं. ‘मला काही नको’ला या क्रमात पहिला नंबर द्यावा, म्हणजे त्याला काहीतरी हवं असल्याचं जाहीर करावं लागतं.

उरला सातारा मोठा की सांगली हा वाद. त्यात दोन्ही बाजूंनी एक तारीख लक्षात ठेवावी: १९४९ साली सातारा जिल्ह्याचाच तुकडा निघून दक्षिण सातारा झाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. म्हणजे हे दोन संघ मुळात एकाच मालकाचे. भांडण भावकीचं आहे आणि भावकीच्या भांडणात बाहेरच्याने फक्त जेवावं. तेही दोन्ही घरी. कारण या दोन्ही जिल्ह्यांतली सर्वांत मोलाची वस्तू कुठल्याच लिलावात येत नाही. गावच्या जत्रेचं मटण हॉटेलात मिळत नाही. त्याची बोली पैशात लागत नाही, ओळखीत लागते. तसं बोलावणं आलं, तर हा लेख, यादी, फेऱ्या सगळं गुंडाळून ठेवावं आणि जावं. बोलावणं नसेल तर नियम एवढाच: पिशवीत मावत नाही ते आधी पोटात, आणि पिशवीत मावतं ते गाव सोडताना. पेढे सातारा सोडताना घ्यावेत, भडंग सांगली सोडताना. मोती चौकातली दुकानं कुठेही जात नाहीत; तव्यावरची रोटी जाते.