पाय टेकतात का?

मुलाला अठरा पूर्ण झाली, की पुण्यातल्या घरांत पहिल्या मोटारसायकलीसाठी बैठक बसते. कॉलेजचा निर्णय टक्क्यांनी आधीच लावून टाकलेला असतो, त्यात कुणाला तोंड घालायला जागा नसते. गाडीचं तसं नाही. ज्यांनी जन्मात लूनाच्या पुढे काही चालवलं नाही, त्यांचं मत तर सगळ्यांत ठाम असतं.

वडिलांचा प्रश्न एकच. ॲव्हरेज किती देते? शोरूममधला पोरगा माहितीपत्रकातला आकडा घडाघडा म्हणून दाखवतो. असले आकडे आपल्याच कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत प्रमाणित होतात. तिथे गाडी रोलरवर चढवतात, चाक जागच्या जागी फिरतं आणि ठरलेल्या वेगाने ठरलेला वेळ गाडी ‘धावते’. त्या खोलीत खड्डा नाही, रिक्षा नाही, मेट्रोचं बॅरिकेड नाही, मागे दोन दोस्त बसलेले नाहीत. पुण्यात एवढं ॲव्हरेज मिळण्याची जागा ती एकच, आणि तिथे आपल्याला गाडी नेऊ देत नाहीत.

काका रीसेल बघतात. अजून घेतलीही नाही ती गाडी विकताना किती येतील, हा त्यांचा ध्यास. म्हणून त्यांची स्प्लेंडर. ती १९९४ पासून रस्त्यावर आहे, सुटा भाग कुठल्याही गावच्या एसटी स्टँडसमोर मिळतो, आणि एकशे बारा किलोच्या आसपासचं ते धूड पोरासोरांना आवरतं. मुद्दा एकदम रास्त. रास्त असल्यामुळेच मुलगा तो पहिल्या फटक्यात बाद करतो. मामा बुलेटवाले. “गाडी म्हणजे बुलेट, बाकी सगळ्या सायकली,” असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवतात. बुलेट एकशे पंच्याण्णव किलोची, भाचा बावन्नचा. स्वतः मामा तिला मेन स्टँडला लावताना वॉचमनला हाक मारतात, हे बैठकीत निघत नाही.

आई साडीगार्डचं विचारते आणि सगळे हसतात. हसणाऱ्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियम चाळावेत: मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकणारं आवरण त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे अख्ख्या बैठकीत कायद्याला धरून बोलणारी ती एकटीच. मुलगा ते साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकतो, कारण लुक जातो.

एवढ्या चर्चेत सीटवर बसल्यावर पोराचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे कुणी विचारत नाही. नवशिका पडतो तो बहुतेक वेळा थांबताना. सिग्नलला, उतारावर, यू टर्न घेताना. पाय अर्ध्या इंचाने कमी पडला, की गाडी सावकाश कलते आणि एकदा कलली की मामांचं ऐकत नाही, भाच्याचं काय ऐकणार! पण हे विचारणं पुरुषार्थाला कमीपणा आणणारं. पोरगा शोरूममध्ये चवड्यांवर उभा राहून आरशात बघतो आणि म्हणतो, “परफेक्ट.”

किमतीचं थोडक्यात. एक्स शोरूम हा आकडा पाहुण्यांना सांगायचा, ऑन रोड हा बँकेला. मधल्या फरकात रोड टॅक्स, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि काही अशा बाबी असतात, की ज्यांचा अर्थ विचारल्यावर कॅशियर चहा मागवतो.

राहिलं शिकणं. लर्निंग लायसन्स आता घरबसल्या काढता येतं, पण तोवर शिकायचं काही उरलेलंच नसतं. “आमचा आठवीतच शिकला,” हे वडील कौतुकाने सांगतात. २०१९ मध्ये कायदा बदलला. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. तेव्हापासून हे कौतुक जरा आवाज उतरवून होतं.

नियमाप्रमाणे शिकाऊ माणसाने अठरा सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. प्रत्यक्षात तो टिकलीएवढा असतो. मागे कुणाला बसवायचंच झालं, तर लायसन्सवाला शिकवणारा. शिकवणारे तर भरपूर. एक मागे बसून कानात ओरडतो, “हाफ क्लच, हाफ क्लच!” आणि दुसरा त्याच्याही मागे बसून त्याचं बरोबर आहे म्हणतो. दोघांची मिळून एक शिकवण पक्की: पुढचा ब्रेक मारायचा नाही, गाडी पलटते. वास्तविक ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी मुख्यतः तोच ब्रेक थांबवतो. दोन्ही मिळून, हळूहळू दाबत आणायचे एवढंच. पण इतकं सांगायला वेळ लागतो, आणि ओरडायला ते वाक्य सुटसुटीत नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, पोरगा त्याचे पैसे मोजतो आणि ते ज्या चाकावर आहे त्याचा ब्रेक श्रद्धेने वापरत नाही.

तीस दिवसांनी पर्मनंटची परीक्षा. पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा. जन्मात पुन्हा कधी आठ काढावा लागत नाही हे खरं, पण फुटपाथवरून फेरीवाले चुकवत जाताना उपयोग होतो.

डिलिव्हरी दसऱ्यालाच. चाकांखाली लिंबं, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह फोटो. पोराचं अजून लर्निंगच, त्यातून लक्ष्मी रोडला सणाची गर्दी, म्हणून गाडी काका चालवतात. नवा मालक मागे बसतो, मांडीवर प्रसादाचा नारळ धरून. नियमानुसार गाडीबरोबर मिळालेलं नवंकोरं हेल्मेट त्याच्या कोपरात लटकतं, प्लॅस्टिकसकट. डोक्यात घालता येत नाही. कपाळावरचा टिळा ओला आहे, पुसला जाईल.