घरातली भाडेकरीण

एडिंबरा,
रविवार, रात्री अकरा

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी रात्री एक वाजता मालवणच्या घरी फोन वाजला आणि काकूंनी रडवेल्या आवाजात विचारलं, "वहिनी, पोरीचं तुमच्याशी काही बोलणं झालं का हो?" त्या फोनचा खुलासा करण्यासाठी हे पत्र. सगळे धडधाकट आहेत. डिसेंबरात इथे दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे काकूंना संध्याकाळी साडेसातलाच मध्यरात्र वाटते, पण फोनचं कारण ते नव्हतं. कारण होतं समाजशास्त्र.

पत्रात 'मी' कुठे दिसणार नाही, त्याच्या जागी 'काका' येतील. ही तुमच्या लेकीची अट. हॅरॉल्ड गार्फिंकेल नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. ते विद्यार्थ्यांना सांगत, घरी जा, आपण इथे भाडेकरू आहोत असं समजा आणि जे दिसेल ते लिहून आणा. पोरीच्या मते हा अभ्यास काकांनाही जमेल. काका सतरा वर्षं या घराचे हप्ते भरताहेत. भाडेकरू असल्याची भावना त्यांना मुद्दाम आणावी लागली नाही.

आधी एम.ए.चा घोळ. पोरगी बारावीनंतर थेट एम.ए.ला बसली, अशी बातमी मालवणात पसरल्याचं कळलं. बातमी खरी आहे. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला आणि सामाजिक शास्त्रांच्या पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात. ती चार वर्षांची असते आणि आपल्याकडच्या बी.ए.च्या जागी असते. बाजारात कुणी विचारलं तर वहिनींनी एवढं सगळं सांगत बसायची गरज नाही.

गुणांचंही तसंच. पहिल्या निबंधाला ६८ मिळाले म्हणून पोरगी नाचत आली. काकांनी सांत्वनाची तयारी केली होती, कारण दहावीला ९३ टक्के पडलेल्या मुलीला ६८ म्हणजे घरात सुतकच. इथे सत्तर म्हणजे पहिल्या वर्गाची वेस, आणि तिच्या आसपास पोचलं तरी पेढे वाटावेत. आजींना मात्र आकडा कळवू नये.

फीचा आकडा पत्रात लिहीत नाही, दादांच्या रक्तदाबाची काळजी आहे. पण एक गंमत सांगण्यासारखी आहे. वर्गात तिच्या एका बाजूला स्कॉटिश मुलगा बसतो, त्याची फी सरकार भरतं. दुसऱ्या बाजूला इंग्लंडहून आलेली मुलगी, तिला फी भरावी लागते. मधे आपली लेक, तिला सगळ्यात जास्त. एकाच बाकावर तीन दर! मालवणच्या मासळी बाजारात गिऱ्हाइकाचं तोंड बघून सुरमईचा भाव सांगतात, त्याला इथे 'विद्यार्थ्याचा निवासी दर्जा' म्हणतात. ही गंमत कळली त्या दिवशी वर्गात विषय होता सामाजिक विषमता.

आता तो रविवार. पोरगी राहते वसतिगृहात, पण रविवारी जेवायला काकांकडे येते. गार्फिंकेलच्या अभ्यासाचा दुसरा भाग असा, की पंधरा मिनिटं ते एक तास घरात खरोखर भाडेकरूसारखं वागायचं. विनयाने, बेताने, विचारल्याशिवाय कशाला हात न लावता. घरच्यांना अर्थातच सांगायचं नाही.

ती आली, दारात बूट काढले आणि म्हणाली, "काकू, आपली हरकत नसेल तर मी बसू का?" काकू हसल्या. मग तिने फ्रिज उघडण्याची परवानगी मागितली. काकूंनी काकांकडे पाहिलं. पानावर पहिली पोळी पडली तेव्हा पोरगी म्हणाली, "धन्यवाद." दुसरीला म्हणाली, "मनापासून आभार. पोळी फारच मऊ आहे."

काकूंच्या हातातला उलथना तिथेच थांबला. आपल्याकडे आभार मानायला सभेचा अध्यक्ष लागतो आणि तो ते शेवटी मानतो. वाढणाऱ्या काकूला पुतणी धन्यवाद म्हणाली, म्हणजे नक्की काहीतरी तुटलं. काकूंनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग काकांना आत बोलावून विचारलं, "पैशांवरून काही बोललात का तिला?" मग दार लोटून घेऊन तिसरी शंका, "मुलगाबिलगा तर नाही?" आणि मग तो फोन.

प्रयोग बावीस मिनिटं चालला. खुलासा झाल्यावर काकू दोन तास बोलल्या नाहीत. पोरीने मात्र वही काढून दाखवली. गार्फिंकेलच्या विद्यार्थ्यांच्या घरीही नेमकं हेच झालं होतं. घरच्यांनी विचारलं होतं, बरं नाही का, रागावलीस का, नोकरी गेली का. १९६७ साली गार्फिंकेलच्या पुस्तकात हे सगळं छापून आलं. रोजच्या वागण्यातले नियम कुणी सांगत नाही, ते मोडले की मगच दिसतात, हे त्यांना दाखवायचं होतं. काकूंचं म्हणणं, "ते मला विचारलं असतं तर मी न रडता सांगितलं असतं."

दुसरा प्रकार जास्त अंगाशी आला. अर्व्हिंग गॉफमन हा कॅनडात जन्मलेला अभ्यासक १९४९ साली ब्रिटनच्या अगदी उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर येऊन राहिला. तिथल्या हॉटेलात त्याने पाहिलं, की जेवणघरात एक नाटक चालतं आणि स्वयंपाकघरात दुसरं. जेवणघरातून परत आलेल्या लोण्याच्या अर्धवट वापरलेल्या गोळ्या पुन्हा वळून ताज्या केल्या जात, आणि किटलीच्या वाफेवर ओले पायमोजे वाळत. त्यावरून त्याने रंगमंच आणि पडद्यामागची जागा अशी मांडणी केली. ते पुस्तक पहिल्यांदा छापलं १९५६ साली, याच एडिंबरा विद्यापीठाने.

हे सांगताना पोरीची नजर दिवाणखान्यातल्या रेडिएटरकडे गेली. इथल्या दमट हवेत कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून आठवडाभर त्यावर काकांचे बनियन आणि पायमोजे ओळीने पसरलेले असतात. दाराची घंटी वाजली की काकू ते आठ सेकंदांत गोळा करून बेडरूममध्ये फेकतात आणि त्या जागी समई ठेवतात. आता काकूंनी पायमोजे उचलले, की पोरगी नुसतं म्हणते, "पडदा उघडला."

आजींचा निरोप पोचला: "समाज शिकूक इतक्या लांब कित्याक?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मालवणातच आहे. सुरुवात मात्र इथून. एडिंबराच्या किल्ल्याजवळ एक मनोरा आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थाने तो १८९२ मध्ये घेतला. मूळचा हा वनस्पती-प्राण्यांचा अभ्यासक, पुढे शहरांच्या नादी लागला. आपल्या होळकरांच्या इंदूरसाठी त्याने नगररचनेचा अहवाल लिहिला, आणि दिवाळीची मिरवणूक सगळ्यात स्वच्छ रस्त्यांवरून जाईल अशी दवंडी पिटवून लोकांकडून शहर झाडून घेतलं, अशी हकिकत सांगतात. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचा पहिला प्राध्यापक हाच गेडिस.

त्याच्या हाताखाली आलेला एक तरुण होता गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३, गाव मालवण. एम.ए. संस्कृतातलं. शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतला आणि १९२४ पासून मुंबईचा विभाग त्याने सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास हे त्याचेच विद्यार्थी. तेव्हा आजींना सांगावं, की शंभर वर्षांपूर्वी एडिंबराचा माणूस तिकडे शिकवायला आला होता, म्हणून आता मालवणची पोर इकडे आली आहे. फेड चालू आहे. हे सगळं त्या मनोऱ्याखाली उभं राहून पोरीनेच सांगितलं. काकांनी सतरा वर्षांत त्या मनोऱ्यावर पाहुण्यांना नेऊन फक्त तिकिटं काढली होती.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीतही तिचा अभ्यास झाला. कुणाची मुलाखत घ्यायची तर आधी विभागाची परवानगी लागते, मग समोरच्याला माहितीपत्रक द्यायचं आणि संमतीपत्रावर सही घ्यायची. पत्रकात लिहिलेलं असतं, की तुमचं नाव बदललं जाईल. इथेच गाडी अडली. प्रसादाच्या रांगेतल्या एका काकूंनी सही करायला साफ नकार दिला. "पंचवीस किलो मोदकांचं सारण मी परतलं आणि नाव दुसरीचं लागणार?" दुसऱ्या गृहस्थांनी नाव बदलायला आनंदाने होकार दिला, मग अध्यक्षांबद्दल इतकं बोलले, की मंडळातल्या चाळीस घरांतल्या प्रत्येकाने तो मजकूर नावाशिवाय ओळखला असता. पोरीने तो भाग गाळला. अध्यक्ष अजून विचारताहेत, काय गाळलं.

शिकून पुढे काय, हा दादांचा प्रश्न. काकांनी तो तिला दोनदा विचारला. पहिल्यांदा तिने सामाजिक संशोधन, सरकारी धोरण, संस्थांची कामं अशी यादी दिली. दुसऱ्यांदा तिने सी. राइट मिल्सचा दाखला दिला. एक लाखाच्या गावात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची अडचण, पण देशात दीड कोटी बेकार असतील तर दोष त्या माणसांत शोधून चालत नाही. काका म्हणाले, "ते ठीक, पण आपल्याला एकाच माणसाची काळजी आहे." ती हसली आणि कॅफेतल्या पाळीवर गेली. व्हिसाच्या नियमाप्रमाणे सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, ते ती घड्याळ लावून करते. पगार लपवत नाही, खर्चही लपवत नाही. यावर अधिक काय लिहावं?

आता मुख्य काम. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा १९२५ सालचा भेटवस्तूंवरचा निबंध तिला अभ्यासाला आहे. त्याचं म्हणणं, भेट फुकट नसते. द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावीही लागते. काकूंनी शेजारच्या स्कॉटिश बाईंना दिवाळीत डबाभर चकल्या दिल्या होत्या. बाईंनी डबा लख्ख घासून, पुसून, रिकामा परत केला. काकू आठवडाभर म्हणत होत्या, "निदान चिमूटभर साखर तरी." पोरीने मॉस वाचून दाखवल्यावर काकूंना पहिल्यांदाच समाजशास्त्र पटलं.

तर निबंधासाठी तिला तुमच्या लग्नातली आहेराची वही हवी आहे. लोखंडी कपाट, वरचा कप्पा, शालूच्या खाली, लाल पुठ्ठ्याची. कुणी काय दिलं आणि आपण त्यांच्याकडे काय नेलं, हे आपल्या तात्यांनी दोन रकान्यांत लिहून ठेवलं आहे. सगळ्या पानांचे फोटो पाठवावेत. नावं ती बदलणार आहे.

आजींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
काका (म्हणजे तुमचा धाकटा)

ता. क. वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर तात्यांच्या अक्षरात काकांच्या नावापुढे 'भिंतीवरचे घड्याळ, येणे' असं लिहिलेलं आहे. त्या पानाचा फोटो जरा हलला तरी चालेल. घड्याळ काका येत्या मे महिन्यात बरोबर घेऊन येत आहेत.