मरणोत्तर शिस्त

16 ऑगस्ट 1977 रोजी एल्व्हिस प्रेस्लीने मेम्फिसच्या ग्रेसलँडमध्ये देह ठेवला आणि त्याच्या कारकिर्दीला खरी शिस्त लागली. हयातीत गडी दिवसा झोपायचा, रात्री जागायचा. आता सगळं वेळच्या वेळी: 8 जानेवारीला जयंतीचा केक, ऑगस्टात पुण्यतिथीचा सप्ताह. आपल्या नामसप्ताहासारखाच. 15 ऑगस्टच्या रात्री मेणबत्त्या घेऊन भक्तांची समाधीपर्यंत रांग, आणि रस्त्यापलीकडे दुकानं. ‘फोर्ब्स’ तर दिवंगतांच्या कमाईची यादीच छापतं. मायकेल जॅक्सन 2009 मध्ये कर्जाचा डोंगर मागे ठेवून गेला आणि गेल्यावर मालामाल झाला. हयातीत काटकसर जमली नव्हती, दुसरं काय!

या पार्श्वभूमीवर मिक जॅगर यांचं वर्तन खेदजनक आहे. जन्म 26 जुलै 1943 चा, ऐंशी उलटली, तरी गृहस्थ रंगमंचावर धावतायत. चाहत्यांनी नुसत्या जयंतीवर वर्ष कसं काढायचं? यापुढे कंपन्यांनी करारातच पुण्यतिथी लिहून घ्यावी. शक्यतो शनिवार, पर्यटनाच्या हंगामातला.

आणि एल्व्हिस अजून जिवंत असल्याची अफवा पसरवणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी. माणसाच्या चालत्या धंद्यात असा खोडा घालू नये.