पनवेल ते सावंतवाडी, सीटवरून

मे महिन्यात मुंबईहून तळकोकणात उतरलेली गाडी कुठे कुठे थांबली हे जाणून घ्यायला मोबाइलचा नकाशा उघडावा लागत नाही. मागची सीट पाहिली की पुरे. पनवेलचा बटाटेवडा, नागोठण्याचा चहा, कुडाळची सोलकढी, सगळे आपापल्या जागी बसलेले. कशेडी घाट अलीकडे बोगद्याने टळतो, त्यामुळे धाकट्याच्या पोटातून परत येणारा ऐवज तेवढा घटला आहे. चहा सांडायला मात्र खड्डा लागतो, आणि 2011 पासून चाललेल्या चौपदरीकरणाने त्याची वानवा कधी पडू दिलेली नाही. तरीही दोष रस्त्याला द्यायचं कारण नाही, खाणाऱ्यांना तर नाहीच. डाग पाडतो सांडणारा, पण तो कायमचा करतात पुसणारे, आणि त्यासाठी अख्खं कुटुंब राबतं.

वड्याचंच पाहा. त्याच्या डागात तेल असतं आणि हळद असते, आणि दोघांचं औषध वेगळं. तेलावर कोरडं बेसन किंवा टाल्कम पावडर भुरभुरून अर्धा तास गप्प बसलं, तर बरंचसं तेल ते ओढून घेतं. पण गप्प बसायचं कुणी? आत्या पर्समधून साबणाची वडी काढतात, ओल्या रुमालाने घासतात आणि पिवळा डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल होतो. हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालायची. म्हणजे आत्यांनी सीटला कुंकूच लावलेलं असतं. तोच साबण सोलकढीवर फिरवला की आंबटात गुलाबी राहणारं कोकम निळसर पडतं आणि नारळाच्या दुधाचा तेलकटपणा खाली तसाच उरतो. चहाची तऱ्हा तिसरी. त्यातल्या दुधाची प्रथिनं उष्णतेने धाग्यातच गोठतात, म्हणून गार पाण्याचं फडकं दाबून, कडेकडून मध्याकडे टिपत यायचं. पण थर्मासमधलं गरम पाणी हाताशी असतं, आणि गरम पाण्याने सगळं निघतं ही काकांची श्रद्धा त्याहून गरम असते.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला, बादलीभर पाणी ओता आणि मोकळे व्हा. कापडाखाली फोम असतो, तो बादली पिऊन टाकतो. मग कापड वरून वाळू लागतं, आतली ओल वर चढते आणि येताना मळही घेऊन येते. काल गेलेला डाग आज कडेला तपकिरी रेघ काढून हजर. जूनमध्ये हा प्रयोग केला तर बुरशीचा वास फुकट. रेक्झिनची कव्हरं घाला म्हणावं, तर तेल शिवणीत मुरतं आणि मे महिन्यात मांड्या सीटला चिकटतात. गाडीत खायचंच नाही, हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण तो सुचवणाऱ्याला वडा पुढे केला की त्याचं मत पनवेललाच उतरतं. राहिलं ऊन. तेल टिपून झाल्यावर उरलेली हळद उन्हात फिकी पडते, आणि तळकोकणात मे महिन्यात ऊन मागावंही लागत नाही. फक्त सावंतवाडीला पोचलेला मालक आधी गाडीसाठी फणसाची गर्द सावली शोधतो, आणि वर काचांना पडदे लावतो.